शिवण बाहेरून

कोटवाल्यांच्या दुकानात नाजूक असं काही नव्हतंच. भिंतीला टेकून उभे केलेले लोकरी कापडाचे तागे, खाली जाड कॅनव्हासच्या गुंडाळ्या, खांद्यात भरायचा कापूस आणि उचलताना पाठ धरेल अशी लोखंडी इस्त्री. कातरसुद्धा अशी, की जाड कापडाचे चार थर एका दमात कापून मोकळी व्हायची. कोट, ओव्हरकोट, पहारेकऱ्यांचे गणवेश, एवढंच ते शिवत. कुणी पोराबाळांचं काही घेऊन आलं, तर नाकावरचा चष्मा न काढता म्हणत, "ते पलीकडच्या गल्लीत. इथं मोठी माणसं येतात." साऱ्या गल्लीत त्यांना कोटवाले म्हणूनच ओळखत.

बायको लवकर गेली. लेक दुकानातच वाढली, कापायच्या टेबलाखाली, कापडाच्या कात्रणांच्या ढिगावर झोपून. बापलेकीत बोलणं कमी, पण एकमेकांच्या नुसत्या खोकण्यावरूनही काय झालंय ते कळायचं. लग्न होऊन ती त्याच शहरात दोन बस पलीकडे राहायला गेली आणि कोटवाले दुपारचं जेवण उभ्याउभ्याच उरकायला लागले.

लेकीचे दिवस भरायला अजून बराच अवकाश होता, तेव्हा एका सकाळी जावयाचा फोन आला. "बाबा, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पण... तुम्ही याच."

त्या "पण"पुढचं ऐकायला कोटवाले थांबले नाहीत. गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही हातात होती, ती तशीच मशीनवर टाकून ते निघाले.

नात काचेच्या पेटीत होती. काचेच्या भिंतीपलीकडे तशाच चार-पाच पेट्या, आणि त्यातली एक त्यांची. वजन सव्वा किलो. अंगावर लंगोटाशिवाय काही नाही, नाकाला नळी, छातीला चिकटवलेल्या वायरी. आत जायची परवानगी फक्त आईबापाला. कोटवाले काचेला नाक लावून उभे राहिले. आयुष्यभर माणसाकडे बघताक्षणी त्याच्या खांद्याचं माप सांगणारे ते, पण या जिवाचे खांदे कुठं सुरू होतात आणि कुठं संपतात तेच त्यांना दिसेना.

दोन-तीन दिवसांनी लेक शेजारी येऊन उभी राहिली. डोळे कोरडे होते, आणि त्याचीच कोटवाल्यांना जास्त भीती वाटली.

"हात लावलास का गं तिला?"

"सिस्टर म्हणतात लावा. आत हात घालायला भोकं आहेत पेटीला." तिनं हात शालीत गुंडाळून घेतले. "मला धीर होत नाही, बाबा. खोटं कशाला सांगू, ती माझी वाटतच नाही. दवाखान्याचीच काहीतरी वस्तू आहे आणि मी बघायला आलेय, असं वाटतं."

कोटवाल्यांनी तिच्या शालीचं टोक उगाच सरळ केलं.

त्या विभागाची मोठी सिस्टर, एक उंचपुरी, भराभर चालणारी बाई, हे ऐकत असावी. आल्या दिवसापासून तिनं पेटीतल्या पोरीचं नाव मुंगी ठेवलं होतं. ती म्हणाली, "आता श्वास बरा चाललाय मुंगीचा. अंगात काहीतरी घालायला हरकत नाही. उघडं पोर परकंच वाटतं हो आईला. पण तिच्या मापाचं बाजारात मिळत नाही, आणि आमच्याकडचे दोन कपडे धुऊन धुऊन विरलेत."

"मी शिंपी आहे," कोटवाले पटकन म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला."

"माप?"

सिस्टरनं आपला उजवा पंजा पुढं केला. "मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत, एवढी पाठ. आणि दंड माझ्या अंगठ्याएवढा."

कोटवाल्यांनी खिशातली टेप काढली आणि भर व्हरांड्यात त्या सिस्टरच्या पंजाचं माप घेतलं. जाणारे-येणारे वळून बघत होते. लेकीच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. तेवढ्यानंही कोटवाल्यांना बरं वाटलं.

दुकानात येऊन त्यांनी खालच्या कप्प्यातली खऱ्या रेशमी अस्तराचा तुकडा काढला. कुणा हौशी गिऱ्हाइकाच्या कोटातून उरलेला, मोतिया रंगाचा. नातीसाठी याहून कमी काय चालणार? दिवसभर खपून त्यांनी झबलं शिवलं. शिवलं कसलं, कोटच केला तो. कॉलर, तीन काजं, हरभऱ्याएवढी बटणं, शिवणी सगळ्या आत दडवलेल्या, आतून-बाहेरून सारखाच देखणा. हातावर ठेवून बघितला, तेव्हा स्वतःवरच खूश झाले.

सिस्टरनं तो बघितला आणि तिला हसू आवरेना. पण हसणं मायेचं होतं.

"आजोबा, लग्नाला निघालीय का मुंगी? या वायरी कुठून काढू मी? हात बाहीत घालायला तो मागं वाकवावा लागेल, ते चालत नाही. झबलं सपाट उघडलं पाहिजे, पोर त्यावर ठेवायचं आणि वरून मिटायचं. बटणं रुततात. आणि ही कॉलर गळ्याला घासणार."

"कापड तरी बरं आहे?"

"मऊ आहे हो. पण आमच्याकडं रोज उकळत्या पाण्यात धुणं. रेशीम टिकेल?"

कोटवाल्यांनी कपाळाला हात लावला. रेशमाला उकळतं पाणी दाखवलं की त्याची चमक जाते आणि ते चरबरीत होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? नातीच्या नादात माणूस आपला धंदाच विसरतो.

त्याच दुपारी विहीणबाई दुकानात आल्या. जावयाची आई म्हणजे बोलण्याचा धबधबा. हातात कायम विणायच्या सुया, आणि तोंड चालू असताना हातही चालूच. त्यांनी पिशवीतून एक फ्रॉक काढून टेबलावर पसरला. झालरी, फुलं, चकाकी, सगळं होतं.

"बाजार पालथा घातला, व्याही, तेव्हा एवढा लहान मिळाला. बाहुलीचा नाही हं, बाळाचाच आहे. शंभर टक्के सुती, दुकानदारानं शपथेवर सांगितलंय."

कोटवाल्यांनी फ्रॉक चिमटीत धरला. चुरगळला, सोडला. एकही चुणी पडली नाही. सुती कापड असं वागत नाही. त्यांनी शिवणीतला एक दोरा ओढला, काडी पेटवली आणि दोरा ज्योतीपाशी नेला. दोरा पेटला नाही, आक्रसून मागं सरला आणि टोकाला काळी, कडक गोळी झाली. जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला.

"सूत जळलं असतं तर कागद जळल्यासारखा वास आला असता आणि राख झाली असती. रेशीम, लोकर असती तर केस जळल्यासारखा. हे नायलॉनच्या जातीचं आहे. घाम पीत नाही. त्या पोरीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे, तिला हे घालायचं?"

बोलले ते खरं, पण बोलण्याचा सूर असा, की जणू विहीणबाईंनीच ते कापड कारखान्यात बनवलं होतं. शब्दाला शब्द वाढला. विहीणबाई म्हणाल्या, नात काही एकट्या तुमची नाही. कोटवाले म्हणाले, म्हणूनच सांगतोय. विहीणबाई म्हणाल्या, टोपी तरी मी विणते, लोकरीची, ती जाळून बघा हवं तर. कोटवाले म्हणाले, लोकर टोचते, हे मी जन्मभर लोकर कापून सांगतोय. विहीणबाईंनी सुया पिशवीत घातल्या. बोलता बोलता त्यांनी सुया ठेवणं म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं असं समजायचं, हे कोटवाल्यांना जावयाकडून नंतर कळलं.

त्या गेल्यावर दुकान फारच शांत वाटायला लागलं. कोटवाले बाजारात गेले. जन्मभर ज्या दुकानांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं, तिथं जाऊन बसले. लिनन बघितलं: पाण्याला टिकणारं, उकळून काही होणार नाही, पण नवं लिनन अंगाला खडखडतं, ते मऊ व्हायला वर्षं जातात आणि मुंगीपाशी वर्षं नव्हती. रेयॉन हातात धरलं तर लोण्यासारखं, पण ओलं झालं की त्यातला जीव जातो, ताणलं की फाटतं. शेवटी सुती मलमलीपाशी आले. घाम पिणारी, उकळी सोसणारी, आणि धुण्यागणिक मऊ होणारी. मात्र ताग्यावर तिला खळ होती. हात फिरवला की कागदासारखी कडकडायची.

मलमलीचे नमुने घेऊन ते आधी लेकीकडे गेले. तिला दवाखान्याशेजारच्या खोलीत ठेवलं होतं. त्यांनी तीन दुकानांचे तीन तुकडे तिच्या मांडीवर ठेवले.

"कुठलं घेऊ?"

"मला काय कळतंय बाबा त्यातलं."

"टेबलाखाली वाढलीस, आणि म्हणे कळत नाही. बोटांनी बघू नकोस, बोटं राठ असतात. पापणीवर धर."

लेकीनं डोळे मिटले. एकेक तुकडा पापणीवरून फिरवला. पहिला नाही. दुसरा बरा. तिसऱ्याला थांबली, परत दुसरा घेतला, परत तिसरा. कितीतरी वेळानं तिनं एखाद्या गोष्टीत असं मन घातलं होतं. "हा," ती म्हणाली. "पण खळ काढल्यावर परत दाखवा मला. आणि शिवणीचं काय करणार? टिपेचा उंचवटा तिच्या पाठीखाली येईल. चोवीस तास ती त्यावर निजणार."

"बारीक टीप घालीन."

"बारीक झाली तरी उंचवटा तो उंचवटाच. बाबा, शिवण बाहेर ठेवा ना. झबलं उलटंच शिवा."

कोटवाले तिच्याकडे बघतच राहिले. शिवण बाहेर! ज्या माणसानं हयातभर शिवण आत लपवली, आतली बाजूसुद्धा कुणी उलटून पाहिली तर लाज वाटू नये म्हणून अस्तरावर अस्तर लावलं, त्याला हे सांगणं म्हणजे घरातला पसारा रस्त्यावर मांडा असं सांगणं. पण पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. पाठीला काय लागतं ते निजणाऱ्याला ठाऊक. बघणाऱ्याचं काय जातं?

मलमल त्यांनी गरम पाण्यात भिजवली, चोळली, वाळवली, परत भिजवली. पाणी आधी दुधाळ निघायचं, मग निवळत गेलं. कापड आटायचं तेवढं आटू दिलं आणि मगच कातरीला हात घातला. ती मोठी कातर तर उपयोगाचीच नव्हती. नखं कापायच्या कातरीनं झबलं बेतलं. पुढून सपाट उघडणारं, बाहीला खालून फट, बटणांच्या जागी दोन आखूड बंद. मशीनचा दात त्या पातळ कापडाला गिळायला लागला, तेव्हा खाली वर्तमानपत्राचा कागद धरून टीप मारली आणि मग कागद फाडून काढला. शिवणी सगळ्या बाहेर. तयार झालेलं झबलं उलटं दिसत होतं, जसं घाईत कपडे घातलेलं पोर. कोटवाल्यांनी ते दोनदा सुलटं करायला घेतलं, इतकी हाताला सवय.

सिस्टरनं झबलं उघडलं, मिटलं, फटीतून बोट घालून पाहिलं. हसली नाही. "उकळून आणते," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कोटवाले काचेबाहेर उभे असताना सिस्टरनं पेटीची बाजू उघडली. लेक आत होती, हिरवा डगला घालून. सिस्टरनं झबलं पसरलं, मुंगीला अलगद उचलून त्यावर ठेवलं. एक बाजू मिटली. दुसरी बाजू मिटायच्या आधी ती थांबली आणि लेकीला म्हणाली, "बंद तुम्ही बांधा."

लेकीनं बंद हातात घेतले. पहिली गाठ सुटली. दुसरी बसली. बाहीच्या टोकातून एक मूठ बाहेर आली होती, बोराएवढी. लेकीनं बाही जराशी मागं सारली, जशी कुठलीही आई कुठल्याही पोराची सारते, आणि तिचा हात तिथंच राहिला. मग ती वाकली आणि काहीतरी बोलायला लागली. काय, ते कोटवाल्यांना ऐकू आलं नाही. पण ती खूप वेळ बोलत होती. घुम्या बापाची घुमी लेक एवढं काय बोलत असेल, याचंच त्यांना नवल वाटलं. चष्मा पुसायला त्यांनी रुमालासाठी खिशात हात घातला आणि रुमालाऐवजी टेप हातात आली.

त्यानंतर गाडी रुळावर आली असं वाटलं. मुंगी आईच्या छातीवर निजायला लागली, दुधाचं माप वाढलं, वजनही थोडं थोडं वाढलं. तिला पेटीतून बाहेर काढून साध्या पाळण्यात ठेवलं, तेव्हा जावयानं साऱ्या व्हरांड्याला सांगितलं. आणि संध्याकाळी तिचं अंग गार पडलं. तळवे निळसर झाले. तिला परत पेटीत ठेवावं लागलं.

"घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होतं असं. ऊब धरून ठेवायला अंगावर चरबी नाही अजून. सगळ्यात जास्त ऊब डोक्यातून जाते, एवढं मोठं डोकं आहे ना शरीराच्या मानानं. झबलं चांगलं आहे, पण मलमल ऊब नाही धरत."

कोटवाल्यांना ते कळत होतं. मलमल उन्हाळ्याची सोबतीण. थंडीत माणसं त्यांच्याकडे येत ती कशासाठी? लोकरीसाठी. तिच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकून बसते आणि अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. जरा दमट झाली तरी तिची ऊब जात नाही. हे सगळं जाणूनही विहीणबाईंना मात्र त्यांनी उडवून लावलं होतं.

दवाखान्यातून ते थेट विहीणबाईंच्या दारात गेले. त्यांनी दार उघडलं, पण "या" म्हणाल्या नाहीत.

"टोपी विणली होतीत का?" कोटवाल्यांनी विचारलं.

"विणली होती. टोचते म्हणून ठेवून दिली."

"दाखवता?"

विहीणबाईंनी टोपी आणली. कोकराची लोकर, अगदी बारीक सुईवर विणलेली, मुठीत मावेल एवढी. कोटवाल्यांनी ती पापणीवर धरली. टोचली, पण अगदी थोडी.

"बाहेरून ही, आतून मलमल," ते म्हणाले. "कोटाला असतं तसं अस्तर. तंतू सुटून नाकातोंडात जायला नकोत. पण मलमल ताणत नाही आणि विणकाम ताणतं. मला जमेल असं वाटत नाही."

"मग तिरकी कापा ना मलमल. तिरकं कापड ताणतं, एवढंही माहीत नाही?" विहीणबाई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. "या आत. दारात उभं राहून कसली शिवणार?"

"माहीत आहे हो," कोटवाले म्हणाले. "सुचलं नाही, एवढंच."

दोघं जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसले. कोटवाल्यांनी अस्तर तिरकं बेतलं, विहीणबाईंनी ते हातानं आतून टाचलं, शिवण मलमल आणि लोकर यांच्या मध्ये दडवून, म्हणजे डोक्यालाही लागणार नाही आणि दिसणारही नाही. काम चालू असताना त्या अखंड बोलत होत्या. लोकर उकळत्या पाण्यात टाकाल तर गोळा होऊन बसेल, कोमट पाण्यात, पिळायची नाही, हे सिस्टरला लिहूनच द्या. कोटवाले मान डोलावत होते. मध्येच विहीणबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "तो फ्रॉक मी परत केला. दुकानदाराला तिथंच दोरा जाळून दाखवला. पळता भुई थोडी झाली त्याची." आणि दोघंही हसले.

टोपी घालून मुंगी पुन्हा पाळण्यात आली. अंगात मलमलीचं झबलं, त्यावर विहीणबाईंनी विणलेलं उबदार पांघरूण. सिस्टर दर थोड्या वेळानं तळवे चाचपून बघत होती. लेक पाळण्याच्या कडेला हात ठेवून बसून होती. त्या दिवशी तळवे कोमट राहिले. दुसऱ्या दिवशीही राहिले. तेव्हा कुठं सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढं मुंगी झबल्यात मावेनाशी झाली, ही तक्रार सिस्टरनं इतक्या आनंदानं केली, की कोटवाल्यांनी तिथंच मोठं माप घेतलं, या वेळी खुद्द मुंगीचं. लहान झबली दवाखान्याच्या कपाटात राहिली, दुसऱ्या कुणाच्या तरी पोरासाठी. विरली की कोटवाले नवी नेऊन देत. लेक मुंगीला घेऊन घरी आली. पोरीला रडायचंही बळ आलं. ते किती आलं, याची साक्ष शेजारीपाजारी देत.

थंडी सरता सरता एका दुपारी लेक दुकानात आली. तिला बाजारात काम होतं. मुंगीला तिनं बापाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आलेच." कोटवाले खुर्चीत बसले. पोर त्यांच्या दंडावर डोकं टेकून झोपलं, तोंड किंचित उघडं, गरम श्वास सदऱ्यावर. हात अवघडला, मग मुंग्या आल्या, मग बधिर झाला. ते हलले नाहीत.

तेवढ्यात एक लठ्ठ, रुबाबदार गिऱ्हाईक ट्रायलसाठी दारात येऊन उभं राहिलं. "काय हो, झाला का कोट?"

कोटवाल्यांनी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. "त्या खुंटीवर आहे," ते कुजबुजले. "टाचण्या लावलेल्या आहेत, जपून घाला. आरशात बघा आणि काखेत आवळतोय का ते मला सांगा. हळू आवाजात."

गिऱ्हाइकानं पोरीकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, पायातले बूट दाराशी काढले आणि चवड्यांवर चालत खुंटीकडे गेलं.